मोहेंजो दारो : नगरी भव्य, कथा उणी

आशुतोष गोवारीकर यांचा ‘मोहेंजो दारो’ हा चित्रपट १२ ऑगस्ट २०१६ रोजी प्रदर्शित झाला. इसवी सनपूर्व २०१६ मधील सिंधुकाठची नगरी त्यांनी भुजजवळ उभारली. रुंद रस्ते, विटांची घरे, गजबजलेली पेठ आणि अखेरचा महापूर पाहून डोळे दिपतात.

कथेचा आरंभ व्यापारी कुटुंबांना जवळचा वाटावा असाच आहे. अमरी गावचा तरुण शेतकरी सरमन नीळ विकण्यासाठी नगरीत येतो. परंतु पेठेत पाऊल पडताच कथा वाट सोडते. जुलमी प्रधान, पित्यावरील अन्यायाचा सूड, पुजाऱ्याच्या कन्येशी प्रेम, आखाड्यातील झुंज! पुढे काय घडणार, हे प्रेक्षक आधीच ओळखतो.

खरी कथा उत्खननात दडली होती. तेथे दगडाची घनाकृती वजने सापडली. एक, दोन, चार, आठ, सोळा असे त्यांचे प्रमाण. सोळापट वजन सुमारे १३.७ ग्रॅमचे. दूरदूरच्या नगरांतही हेच माप चाले. ती लिपी अद्याप उलगडलेली नाही, एकाही राजाचे नाव ठाऊक नाही; वजने मात्र आजही साक्ष देतात. परमुलखातील अनोळखी माणसाने त्या तराजूवर विश्वास का ठेवावा आणि कोणी मापात पाप केले तर काय, याहून नाट्यमय प्रश्न कोणता? लातूरच्या आडत बाजारात तो समजावून सांगावा लागत नाही.

मुलांना हा चित्रपट अवश्य दाखवावा. त्यात राहून गेलेली तराजूची गोष्ट मात्र घरातील वडीलधाऱ्यांनीच सांगावी.