जमिनीच्या पोटातला वारसा आणि त्याची माणसं

सुरुवात पवनीपासून करू. वैनगंगेकाठी जगन्नाथ टेकडी आहे. 1969-70 साली नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी मिळून तिथे उत्खनन केलं. शां. भा. देव आणि जगत्पती जोशी हे त्यातले प्रमुख. टेकडीच्या पोटातून विटांचा मोठा स्तूप निघाला, दगडी कठड्याचे खांब निघाले, ब्राह्मी लेख निघाले. एका खांबावर मुचलिंद नाग आहे, रिकाम्या आसनावर फणा धरलेला. बुद्धाची मूर्ती घडवण्याआधीच्या काळातली ही कला. तो खांब आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात असतो. 2023 मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन म्युझियमपर्यंत जाऊन आला. पवनीच्या पोरांना मात्र तो बघायला दिल्लीचं तिकीट काढावं लागतं.

खांब तिथे सुरक्षित आहे, हे मान्यच. पण शोध लागला तो विद्वानांना, आणि गावाच्या वाट्याला टेकडी उरली. याच्या उलट गोष्ट सांगतो.

कचारगड. सालेकसा तालुका, दरेकसा स्टेशनजवळ, धनेगावच्या पुढे डोंगरात. आज गोंदिया जिल्हा म्हणतो आपण, पण 1 मे 1999 पर्यंत हे सगळं भंडाराच होतं. इथे प्रचंड नैसर्गिक गुहा आहे. गोंडांच्या परंपरेत असं सांगतात, की काली कंकालीच्या मुलांना शंभूने गुहेत कोंडलं होतं. जंगो रायताड आणि पारी कुपार लिंगो त्यांच्यासाठी धावून आले. हिरासुका पाटालीरने किंगरी वाजवली, त्या सुरांनी मुलांच्या अंगात बळ आलं, त्यांनी शिळा ढकलली. पोरं सुटली, पण शिळेखाली हिरासुका गेला.

नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी लिंगोचं गाणं टिपून ठेवलं होतं. ते 1866 साली, त्यांच्या मृत्यूनंतर, रिचर्ड टेंपलने छापलं. त्यात काचीकोपा लोहागड असं ठिकाण येतं. म्हणजे नाव पुस्तकात होतं, गुहा डोंगरात होती. दोन्हींचा सांधा दूरवरच्या समाजासाठी सुटलेला होता. तो जोडला मोतीरावण कंगाली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, 1980 च्या दशकात. कंगाली रिझर्व्ह बँकेत नोकरी करायचे, हे मला फार आवडतं! मोजक्या लोकांनी सुरू केलेली माघ पौर्णिमेची यात्रा आज मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणातून माणसं खेचते. आधी योजना, मग रस्ता, मग पर्यटक, असा क्रम इथे नव्हता. आधी श्रद्धा आली, माणसं आली, सोयी मागून आल्या.

आता अडचण. गुहा म्हणजे मोकळं मैदान नव्हे. हवा कमी खेळते. फ्रान्समधल्या लास्कोचं उदाहरण घ्या: 1948 मध्ये लोकांसाठी उघडली, आणि माणसांच्या श्वासाने चित्रांवर परिणाम व्हायला लागला म्हणून 1963 मध्ये बंद करावी लागली. नुसत्या श्वासाने, बरं का. कचारगडला चित्रं नाहीत म्हणून निश्चिंत राहता येत नाही. गुहेत कायमचे दिवे लावले तर भिंतीवर शेवाळ धरतं, वटवाघळं निघून जातात. मशाली-धूर केला की मधमाश्या उठतात. शिवाय जिथे आपले पूर्वज सुटले असं एक समाज मानतो, तिथे सेल्फी पॉइंट करायचा का, हे पर्यटन खात्याने एकट्याने ठरवायचं नाही.

ते ठरवायला कायद्यात जागा आहे. 2006 च्या वनहक्क कायद्याचं कलम 5 ग्रामसभेला आपल्या सांस्कृतिक आणि नैसर्गिक वारशाची हानी थांबवण्याचा अधिकार देतं. आपण हा कायदा बांबू-तेंदूपुरता वाचतो. पण सामूहिक हक्क मिळालेली ग्रामसभा गुहेत एका वेळी किती माणसं, कोणत्या महिन्यात प्रवेश बंद, वाटाड्या कोण, जेवण कोणाच्या घरचं, यावर ठराव करू शकते. पैसाही मग गावात राहतो. यात्रेचे दिवस सोडले तर बाकी वर्षभर दहा-पंधराच्या गटाने, गावातल्याच वाटाड्याबरोबर जावं, असं माझं मत. प्लास्टिक खालीच ठेवून.

आणि पवनी? लास्कोवाल्यांनी 1983 मध्ये शेजारी हुबेहूब प्रतिकृती उघडली, लोक ती बघायला जातात. मुचलिंदाच्या खांबाची तशी प्रतिकृती टेकडीपाशी उभी राहावी, आणि तिच्यासमोर तो स्तूप समजावून सांगायला पवनीचीच मुलंमुली असावीत. त्याला फार मोठा निधी लागत नाही.