शाळेच्या आधीची वर्षे

सांगली जिल्ह्यातील आटपाडी हा माणदेशातील दुष्काळी तालुका. टेंभू योजनेचे पाणी येथे पोहोचले असले, तरी पोटासाठी गाव सोडण्याची रीत संपलेली नाही. कोणी सोने-चांदीच्या गलाई व्यवसायासाठी दूरच्या शहरांत जातो, कोणी कोयता घेऊन ऊसतोडीला. लहान मूल मग आजी-आजोबांजवळ राहते, नाही तर आईवडिलांसमवेत उसाच्या फडावर. स्थलांतरित मुलांविषयी बोलताना शाळा बुडण्याची चर्चा होते. शाळेआधीच्या वयाचा विचार क्वचितच होतो. आम्हांस तो अधिक निकडीचा वाटतो.

तान्हे मूल हुंकारते, आई हुंकारानेच उत्तर देते. ते बोट दाखवते, आजी त्या वस्तूचे नाव सांगते. दिवसभर चालणाऱ्या या देवघेवीतूनच मेंदूतील जोडण्या दृढ होतात, भाषा येते, भीती आवरता येते. (मोबाईलवरील चित्र मुलाच्या हुंकाराला उत्तर देत नाही, हेही येथे नमूद करावेसे वाटते.) रुमानियातील अनाथालयांतील मुलांचा २००० सालापासून दीर्घ अभ्यास झाला. तेथे अन्न व निवारा होता, पण मुलाला आपले म्हणावे असे एक माणूस नव्हते. त्या मुलांची बुद्धी व भावना दोन्ही खुंटलेली आढळली. ज्यांना कुटुंबांत ठेवले ती बरीच सावरली. सुमारे दोन वर्षांच्या आत गेलेली अधिक सावरली.

तेव्हा बाप परगावी आहे एवढ्यावरून मूल मागे पडेल, असे मानण्याचे कारण नाही. आजीचा जिव्हाळाही मुलाला उभे करतो. घातक ठरते ते सांभाळणारी माणसे वारंवार बदलणे, घरातील नित्याची भांडणे आणि दारू. पोप फ्रान्सिस यांनी 'आमोरिस लेतित्सिया' या २०१६ च्या बोधपत्रात म्हटले आहे, की आपले आईवडील विश्वासपात्र आहेत या अनुभवावरच मुलाची नैतिक जडणघडण उभी राहते. स्नानसंस्काराच्या विधीतही आईवडिलांनाच श्रद्धेचे पहिले शिक्षक म्हटले आहे.

आईवडील दिवसभर राबत असताना काय करावे, याचे उत्तर महाराष्ट्रात पूर्वीच शोधले गेले आहे. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डी येथे बालशिक्षणाचे कार्य आरंभिले. मुले बालवाडीत येत नाहीत असे दिसताच त्यांनी वस्तीच्या अंगणातच बालवाडी नेली. पुढे कोसबाडला पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकत्र आणली. कारण धाकट्या भावंडाला सांभाळावे लागे म्हणून मोठी बहीण शाळेला मुकत असे. उसाच्या फडावर, कोपीच्या दारात, आजही धाकट्याजवळ बहुधा ती बहीणच बसलेली असते.