ओरखडा जातो कुठे?

विद्यार्थी मित्रांनो, शाळेच्या वाटेवर तुम्ही एखादे गॅरेज नक्की पाहिले असेल. तेथे मोटारीचा ठोकर लागलेला पत्रा सरळ करतात, त्यावर पुट्टी भरतात आणि नवा रंग मारतात. रंग पूर्ण वाळला की कारागीर एक नवलाचे काम करतो. तो त्या नव्याकोऱ्या रंगावर पाणी टाकतो आणि पॉलिश पेपरने घासू लागतो! चमकणारा रंग पांढुरका आणि धुरकट दिसू लागतो. पाहणाऱ्याला वाटते, याने सगळी मेहनत वाया घालवली. पण नंतर तोच पत्रा आरशासारखा चमकू लागतो. हे काम कंपाउंड नावाच्या घट्ट मलमाचे आहे.

आधी पाहू, नवा रंग घासायचा कशासाठी? फवारलेला रंग अगदी सपाट बसत नाही. जवळून पाहिले तर तो संत्र्याच्या सालीसारखा उंचसखल दिसतो. त्यात धुळीचे कणही अडकतात. ते सपाट करण्यासाठी पेपर फिरवावा लागतो. पण पेपर आपले बारीक ओरखडे मागे ठेवतो. सपाट पृष्ठभाग प्रकाश एकाच दिशेने परत पाठवतो, म्हणून तो चमकतो. ओरखड्यांवर पडलेला प्रकाश मात्र चारी दिशांना विखुरतो, म्हणून रंग धुरकट दिसतो.

आता खरा प्रश्न असा, की कंपाउंड लावल्यावर ओरखडा जातो कुठे? पुष्कळांना वाटते, कंपाउंड ओरखड्यात भरले जाते. तसे नाही. समजा, मैदानात एक खड्डा आहे. तो नाहीसा करण्याचे दोन उपाय आहेत. एक, खड्डा मातीने भरणे. दुसरा, आजूबाजूची सगळी जमीन खरवडून खड्ड्याच्या तळाएवढी खाली आणणे. कंपाउंड हा दुसरा उपाय करते. म्हणजे ओरखडा कुठेही जात नाही, त्याच्या भोवतीचा रंग जातो.

ही गोष्ट मी पुस्तकातून शिकलो नाही. दहावीची परीक्षा झाल्यावर सुट्टीत मी मामूंच्या गॅरेजात काम करत होतो. सगळे कारागीर त्यांना उस्ताद म्हणत. एकदा एक लाल मोटार रंगवून तयार होती. दुसऱ्या दिवशी मालकाला ती लग्नासाठी हवी होती. मामू नमाजाला गेले होते. त्यांनी मला सांगितले होते, "1000 नंबरचा पेपर झाला आहे. आता 2000 चा फिरव आणि थांब." मला वाटले, वेळ कशाला घालवायचा? मी दुसरा पेपर फिरवलाच नाही. सर्वांत कडक कंपाउंड घेतले, मशीनला लोकरीचा पॅड लावला आणि जोरात दाबून फिरवू लागलो. थोड्या वेळाने पांढरा पॅड लाल झाला. ती धोक्याची खूण होती, पण मला ती कळली नाही. पाहता पाहता बॉनेटच्या कडेवर रंगाखालचा करडा प्रायमर उघडा पडला.

मामू परत आले. ते रागावले नाहीत. त्यांनी मालकाला खरे ते सांगितले आणि बॉनेट स्वतःच्या खर्चाने पुन्हा रंगवले. लग्नाला मात्र ती गाडी मिळू शकली नाही. रात्री मामू मला म्हणाले, "बेटा, कंपाउंड काही देत नाही, फक्त घेते. म्हणून आधी विचार करायचा, आपल्याजवळ आहे किती?"

मोटारीवर रंग असतो तरी किती? आजकालच्या बहुतेक मोटारींवर पत्र्यावर प्रायमर, त्यावर रंग आणि सर्वांत वर एक पारदर्शक थर असतो. त्याला क्लिअर कोट म्हणतात. चमक याच थरामुळे येते आणि उन्हापासून रंगाचे रक्षणही हाच थर करतो. याची जाडी साधारणपणे 40 ते 50 मायक्रॉन असते. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. तुमच्या डोक्याचा केस साधारण 70 मायक्रॉन जाड असतो. म्हणजे सगळी चमक केसाहूनही पातळ अशा थरात आहे! कडांवर तर हा थर आणखी पातळ असतो आणि मशीनचा दाबही तेथेच जास्त पडतो.

म्हणून कंपाउंड निवडताना आधी पेपरचा नंबर पाहावा. नंबर जितका मोठा, तितके पेपरवरचे कण बारीक. 1000 नंबरच्या पेपरवरील कण सुमारे 18 मायक्रॉनचे असतात, तर 2000 नंबरचे सुमारे 10 मायक्रॉनचे. मोठा कण खोल ओरखडा पाडतो. पाण्यात न भिजणारा असा पेपर अमेरिकेतील थ्रीएम या कंपनीने 1921 साली बाजारात आणला. पाण्यामुळे धूळ उडत नाही आणि पेपर लवकर भरत नाही.

खोल ओरखडे एकदम कंपाउंडने काढू नयेत. 1000 नंतर 1500, मग 2000 आणि जमल्यास 3000 नंबरचा पेपर फिरवावा. प्रत्येक पेपर आधीच्या पेपरचे ओरखडे काढतो आणि स्वतःचे लहान ओरखडे ठेवतो. जिना उतरताना आपण एकेक पायरी उतरतो ना, तसेच हे आहे. 1500 वर थांबलात तर कडक कंपाउंड आणि लोकरीचा पॅड लागतो. 2000 किंवा 2500 पर्यंत गेलात तर मध्यम कंपाउंड आणि फोमचा पॅड बहुधा पुरतो. 3000 नंतर पुष्कळदा बारीक कंपाउंडनेही काम होते. कडक कंपाउंडही आपल्या बारीक गोल रेषा मागे ठेवते. त्या घालवण्यासाठी शेवटी पॉलिश लागते.

कंपाउंडमध्ये ओरखडे घासणारी पूड बहुधा ॲल्युमिनियम ऑक्साइडची असते. तुम्हाला आश्चर्य वाटेल, माणिक आणि नीलम ही रत्नेही याच पदार्थाची बनलेली आहेत! हा पदार्थ इतका कठीण आहे, म्हणूनच जपून वापरावा लागतो.

डब्यावर काहीही लिहिलेले असो, आधी वीतभर जागेवर प्रयोग करावा. सुरुवात सौम्य कंपाउंडने करावी. त्याने ओरखडा गेला नाही, तरच अधिक कडक घ्यावे. काम सावलीत, थंड पत्र्यावर करावे. कडांवर चिकटपट्टी लावावी. ओरखड्यात नख अडकत असेल, तर तो कंपाउंडने काढायचा हट्ट धरू नये. तेथे पुन्हा रंगच द्यावा लागतो. आणि क्लिअर कोट असलेल्या मोटारीचा रंग पॅडला लागू लागला, की मशीन ताबडतोब बंद करावे. जुन्या, क्लिअर कोट नसलेल्या मोटारीचा रंग मात्र पॅडला लागतोच.

आणखी एक गोष्ट. काही पॉलिशमध्ये तेल किंवा मेण असते. ते ओरखड्यात भरते आणि ओरखडा गेल्यासारखा वाटतो. गाडी काही वेळा धुतली की तो पुन्हा दिसू लागतो. म्हणून मामू काम झाल्यावर पत्रा स्पिरिटच्या फडक्याने हलके पुसत आणि उन्हात तिरका पाहत. "ओरखडा लपवला की काढला, हे ऊन सांगते," असे ते म्हणत.

मित्रांनो, गॅरेजसमोरून जाताना क्षणभर थांबा. कारागिराच्या हातात कोणत्या नंबरचा पेपर आहे, ते पाहा आणि त्यानंतर तो काय वापरील, ते ओळखा. त्या केसाहून पातळ थरावर तो किती जपून हात चालवतो, हेही तुमच्या लक्षात येईल.