मैदान मुरमाचं, गाडी घरचीच

रॅली हा बघणाऱ्यांसाठी मोठा गैरसोयीचा खेळ. कुठल्यातरी जंगलातल्या वळणावर तासन् तास उभं राहायचं, धुरळा उडवत एक गाडी समोरून जायची, आणि ती पहिली आली की शेवटची हे कळायचं संध्याकाळी. टीव्हीवाल्यांची पंचाईत तर त्याहून मोठी, कारण साठच्या दशकातले अवजड कॅमेरे मांडायचे कुठल्या वळणावर? ब्रिटनमध्ये आयटीव्हीवर शनिवारी दुपारी खेळांचा कार्यक्रम लागायचा. त्याच्यासाठी शेवटी रॅलीच जंगलातून उचलून मैदानात आणली गेली. ४ फेब्रुवारी १९६७ रोजी केंट परगण्यातल्या लिडन हिल इथे थोडं डांबर, थोडी माती अशा आखूड ट्रॅकवर रॅलीच्या ड्रायव्हरांची शर्यत लावली. पोर्शे ९११ घेऊन आलेला व्हिक एलफर्ड जिंकला. हा गडी काही ऐरागैरा नव्हता. पुढच्याच वर्षी त्याने माँटे कार्लो रॅली मारली आणि डेटोनाची चोवीस तासांची शर्यतही. त्या १९६७ च्या हिवाळ्यात गुरांमध्ये लाळ्या-खुरकताची साथ पसरली आणि ब्रिटनची मोठी आरएसी रॅली ऐनवेळी रद्द झाली. शेतशिवारातून गाड्या नेणं धोक्याचं झालं, तेव्हा मैदानातली रॅली सगळ्यांनाच सोयीची वाटू लागली.

मैदानातल्या या रॅलीला रॅलीक्रॉस म्हणतात. २०१४ मध्ये त्याची जागतिक मालिका सुरू झाली आणि तिच्यातल्या वरच्या वर्गाच्या गाड्या सहाशे अश्वशक्तीच्या घरात असायच्या. तसल्या गाड्या टीव्हीवर बघाव्यात. ज्याच्या दारात सात-आठ वर्षांची स्विफ्ट उभी आहे आणि ती एकदा मातीत मनसोक्त पळवावी असं ज्याला वाटतं, त्याच्यासाठी या खेळाची हौशी रूपं वेगळी आहेत. आपल्याकडच्या माणसाला ती समजायला फार अवघडही नाहीत, कारण बैलगाडा शर्यती आपण पाहिल्या आहेत.

खेड-जुन्नरच्या घाटात एका वेळी एकच बारी सुटते आणि सामना घड्याळाशी असतो. सातारा-सांगलीकडच्या मैदानात गाड्या शेजारी शेजारी सुटतात, आधी गट, मग सेमी, मग फायनल. ऑटोक्रॉस म्हणजे पहिला प्रकार, रॅलीक्रॉस म्हणजे दुसरा. रॅलीक्रॉसमध्ये हीट, सेमी आणि फायनल असतात, गाड्या एकमेकींना घासतात, आणि वर एक गंमत असते. तिचं नाव जोकर लॅप. ट्रॅकला एक जास्त लांबीचा फाटा ठेवलेला असतो आणि प्रत्येकाला शर्यतीत एकदा तिकडून जावंच लागतं. तो फाटा कधी घ्यायचा यावर डाव फिरतात. नवख्याने मात्र पहिल्या प्रकारातच शिरावं. शेजारी दुसरी गाडी नसली की चूक आपली, नुकसान आपलं आणि शिकणंही आपलंच.

अमेरिकेत हौशी पातळीवर रॅलीक्रॉस म्हणतात ते खरं तर हेच. स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिका ही १९४४ साली स्थापन झालेली संस्था. तिच्या शाखा एखादं कुरण, जत्रेचं मैदान असली जागा भाड्याने घेतात, त्यावर प्लास्टिकचे केशरी कोन मांडून वाट आखतात आणि एकेक गाडी सोडतात. कोन पाडला की दोन सेकंद दंड. दोन कोनांमधलं दार चुकलं की दहा. गाड्यांचे वर्ग दोन गोष्टींवरून ठरतात. गाडी जशीच्या तशी आहे, थोडी बदललेली आहे की पार बदललेली, हे एक. आणि ताकद पुढच्या चाकांना, मागच्या की चारी चाकांना, हे दुसरं. त्यामुळे ऑफिसला नेण्याची साधी गाडी खास बांधलेल्या गाडीशी कधी भिडतच नाही. डांबरावरच्या ऑटोक्रॉसमध्ये सहसा सर्वांत चांगली एक फेरी धरतात. इथे मात्र सगळ्या फेऱ्यांची बेरीज होते. मला हा नियम फार शहाणपणाचा वाटतो. एकदाच जिवावर उदार होऊन जिंकता येत नाही. दिवसभर डोकं ठिकाणावर ठेवावं लागतं. आणखी एक रिवाज आपण जरूर उचलावा. अर्धे स्पर्धक गाड्या चालवत असतात तेव्हा उरलेले अर्धे उन्हात उभे राहून पडलेले कोन सरळ करतात, मग पाळी बदलते. तिकडच्या आपल्या मंडळींपैकी ज्यांच्या गॅरेजमध्ये जुनी सुबारू धूळ खात पडली आहे, त्यांनी आपल्या भागातली शाखा शोधायला हरकत नाही.

आपल्या मातीतही हा खेळ आजकालचा नाही. हिमालयन रॅली १९८० साली सुरू केली ती मुंबईच्या नाझिर हुसेन यांनी. पुण्याचे संजय टकले २०२५ मध्ये सौदी अरेबियातल्या डकार क्लासिकमध्ये उतरले. कोल्हापूरने तर कार्टिंगपासून पुढे गेलेली पोरं दिली आहेत. देशभर या खेळाचा कारभार फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्ज ऑफ इंडिया, म्हणजे एफएमएससीआय पाहते. तिच्या मान्यतेच्या स्पर्धेत उतरायला तिचं स्पर्धक-लायसन्स लागतं. आपण ज्या क्लबकडे चौकशी करू, त्याला पहिला प्रश्न हाच विचारायचा: स्पर्धेला फेडरेशनची मान्यता आहे का? उत्तर गुळमुळीत आलं तर पैसे भरू नयेत.

आता थोडं रुक्ष, पण टाळता न येणारं. मोटार वाहन कायद्याच्या १८९ व्या कलमानुसार राज्य सरकारच्या लेखी संमतीवाचून सार्वजनिक जागी शर्यत लावणं किंवा वेगाची चाचणी घेणं हा गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या वेळेला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पुन्हा सापडलात तर कैद वर्षभरापर्यंत आणि दंड दहा हजारांपर्यंत. पहाटे लोणावळ्याच्या घाटात ‘टायमिंग काढणारे’ याच कलमात बसतात. दुसरी गोष्ट विम्याची. आपली पॉलिसी काढून बघा. ‘वापराच्या मर्यादा’ या मथळ्याखाली शर्यत, वेगाची चाचणी वगैरेंना विमा लागू नाही असं बारीक अक्षरात छापलेलं असतं. म्हणजे मैदानात बंपर गेला तर तो आपल्याच खिशातून. म्हणून हप्ते चालू असलेली नवी गाडी घेऊन कुणी मातीत उतरू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

मग सुरुवात कशात करायची? माझं उत्तर ऐकून बऱ्याच जणांचा विरस होतो, कारण मी टीएसडीचं नाव घेतो. टाइम, स्पीड, डिस्टन्स. रस्ता नेहमीचा, वेग कायद्याच्या आतला, आणि जिंकतो तो हिशेबाचा पक्का. निघताना हातात रोडबुक मिळतं. त्यात गावांची नावं नसतात. वळणांच्या छोट्या आकृत्या असतात (त्यांना ट्युलिप म्हणतात), शेजारी अंतर आणि सरासरी वेग. समजा लिहिलंय: ४.२० किलोमीटर, वेग ताशी ३०. ताशी ३० म्हणजे किलोमीटरला दोन मिनिटं, म्हणून त्या वळणावर तुम्ही बरोबर ८ मिनिटं २४ सेकंदांनी हवेत. वाटेत कुठेतरी झाडाआड वेळ नोंदवणारा बसलेला असतो. कुठे, ते सांगत नाहीत. उशिरा पोहोचलात तर दंड, आणि लवकर पोहोचलात तर बहुतेक स्पर्धांत त्याहून जास्त.

आता खरी मेख. तुमच्या गाडीचा किलोमीटरचा काटा आणि आयोजकांचा काटा कधीच जुळत नाही. म्हणून सुरुवातीला मोजलेला एक टप्पा देतात. त्यांचे १० किलोमीटर तुमच्या काट्यावर १०.३ भरले, तर पुढचं प्रत्येक अंतर १.०३ ने गुणायचं. वरचं वळण मग तुमच्या काट्यावर ४.३३ ला येतं. हा गुणाकार विसरलात आणि काटा दाखवील त्यावर भरवसा ठेवलात, तर एवढ्याशा अंतरात पंधरा सेकंदांचा उशीर होतो. त्यात पुढे उसाची ट्रॉली आली की विचारू नका. शेजारच्या सीटवर बसलेला नॅव्हिगेटर मांडीवर पॅड, हातात पेन्सिल घेऊन हे सगळं सांभाळतो.

“किती?”

“बारा सेकंद पुढं आहेस. सावकाश घे.”

“मागं हॉर्न वाजवतायत रे!”

“वाजवू देत. त्यांना थोडाच दंड बसणारे?”

दोस्ती आणि संसार यांची कसोटी लागते ती इथे. मुंबईची वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन, ही १९१९ सालची संस्था, खास बायकांसाठी या धर्तीची रॅली भरवत आली आहे. आयुष्यात पहिल्यांदा रोडबुक हातात घेतलेल्या कितीतरी जणींनी तिथून सुरुवात केली. खर्च म्हणाल तर प्रवेश फी, पेट्रोल आणि एक चांगलं घड्याळ.

दुसरी वाट मार्शल होण्याची. स्पर्धेला माणसं कायम कमी पडतात, त्यामुळे क्लब नवख्याला आनंदाने घेतात. झेंडे शिकवतात, वॉकीटॉकी देतात, जेवणाचा डबाही मिळतो. फुकटात दिवसभर वळणावर उभं राहून पन्नास ड्रायव्हर एकच वळण पन्नास तऱ्हांनी घेताना दिसतात, याहून चांगली शिकवणी मला माहीत नाही. काम मात्र जोखमीचं. सप्टेंबर २०१९ मध्ये राजस्थानात राष्ट्रीय रॅलीच्या बंद केलेल्या टप्प्यावर एक मोटरसायकल शिरली आणि एकाच कुटुंबातले तिघे जण गेले. आपल्या गावातला रस्ता आज बंद आहे, हे गावाला पटवून देणं आणि दोरीपलीकडच्या माणसाला नम्रपणे पण ठामपणे अडवणं, हेच मार्शलचं मुख्य काम.

इंजिनिअरिंगच्या पोरांना तिसरी वाट आहे. बाहा एसएईइंडियाच्या स्पर्धेत विद्यार्थी स्वतःची बग्गी बांधून आणतात आणि शेवटच्या दिवशी ती तासन् तास खडकाळ ट्रॅकवर तगवून दाखवतात. पुण्याच्या कॉलेजांत याचं वेड पूर्वीपासून आहे. वेल्डिंग तुटलं की रात्रभर जागून सांधणारी ही पोरं पुढे रॅलीच्या सर्व्हिस तंबूत दिसली तर नवल नाही.

आणि मग ऑटोक्रॉस. सकाळी सगळ्यात आधी स्क्रुटिनी. तपासणारा बॉनेट उघडतो आणि पहिल्यांदा बॅटरी धरून हलवतो. हलली तर परत जा. मग चाकांचे नट, तेलाची गळती, ब्रेक, सीटबेल्ट. गाडीत सुटं काही चालत नाही. पायाखालचं मॅट, डॅशबोर्डवरचा गणपती, सीटखाली लोळणारी पाण्याची बाटली, सगळं बाहेर. बाटली हसण्यावारी नेऊ नका. ती ब्रेकच्या पेडलखाली गेली तर काय होईल याची कल्पना करा. नवखे बहुधा पैसे चुकीच्या जागी घालतात. मोठा आवाज करणारा सायलेन्सर आधी येतो. खरं तर यादीत पहिलं हेल्मेट, तेही स्पर्धेच्या नियमात बसणारं. मग ताजं ब्रेक ऑइल, नवे ब्रेक पॅड, बरे टायर. इंजिनला हात लावायची गरज पहिलं वर्षभर तरी पडत नाही. आपल्याकडे मारुती एस्टीम आणि जिप्सीवर रॅलीवाल्यांच्या पिढ्या घडल्या, त्या काही इंजिनाच्या ताकदीमुळे नव्हेत. सुटे भाग कुठल्याही गावात मिळायचे, म्हणून.

मैदानात फेरी मिनिट-दीड मिनिटाची. बहुतेक सगळी दुसऱ्या गिअरमध्ये. पण मुरमावर गाडी डांबरासारखी वागत नाही, हे पहिल्याच वळणावर समजतं. पुढच्या चाकांवर चालणारी आपली छोटी गाडी जोरात वळणात घातली की स्टिअरिंग फिरवलं तरी नाक सरळच जात राहतं. घाबरलेला माणूस तेव्हा स्टिअरिंग आणखी फिरवतो आणि ॲक्सिलरेटरही दाबतो. दोन्हीने चाकं जास्तच घसरतात. उपाय उलटा आहे: ॲक्सिलरेटरवरचा पाय थोडा सोडायचा. वजन पुढे येतं, पुढचे टायर मातीत रुततात, नाक वळतं, आणि शेपूट हलकी होऊन थोडी बाहेर सरकते. ती सरकू द्यायची. मग हळूच पाय परत दाबायचा की गाडी स्वतःला ओढून सरळ करते. ब्रेक मात्र वळणाआधी, गाडी सरळ असतानाच. नजर बॉनेटपुढच्या कोनावर नाही, त्याच्या पुढच्या कोनावर. सांगायला चार वाक्यं लागतात, अंगात मुरायला मोसम जातो.

त्यात मैदान दिवसभर बदलत राहतं. सकाळी वर सैल मुरूम असतो, पहिल्या गाड्या त्यावरून अक्षरशः पोहतात. दुपारपर्यंत तो कडेला उडून खालची कठीण जमीन उघडी पडते, वेळा सुधारतात, पण वळणांत खोल चाकोऱ्या पडतात. त्यात चाक आडवं गेलं तर टायर रिमवरून निघू शकतो. म्हणून जाणते लोक जेवणाच्या सुट्टीत गाडीपाशी गप्पा मारत बसत नाहीत, ट्रॅकवर पायी चक्कर मारतात. त्यांच्या मागोमाग जावं. विचारलं तर सांगतात. या खेळात सांगणारे भरपूर आहेत, कधीकधी गरजेपेक्षा जास्तच.

परतीच्या वाटेवर पन्नासेक किलोमीटर झाले की थांबून चाकांचे नट पुन्हा आवळावेत. एअर फिल्टर त्याच आठवड्यात काढून झटकावा, फारच माखला असेल तर बदलावा. आणि सोमवारी ऑफिसला जाताना पुढच्या चाकातून किंचाळल्यासारखा आवाज यायला लागला तर लगेच हजारोंचा खर्च डोळ्यांपुढे आणू नका. बहुतेक वेळा ब्रेकची डिस्क आणि तिच्यामागचा पत्रा यांत मुरमाचा खडा अडकलेला असतो. मोकळ्या जागी गाडी थोडी मागे-पुढे घेतली की बरेचदा तो आपोआप पडतो. नाही पडला तर मेकॅनिक काढून देईल आणि विचारील, “साहेब, गाडी नेली होती कुठं?”