तलवार कुणाची?

आपल्या सिन्नरचं यादवकालीन गोंदेश्वर मंदिर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण सांभाळतं. पण राजघराण्यातल्या तलवारी, दागिन्यांचं काय? १९७२चा पुरावस्तू कायदा मी सोप्यात सांगते: शंभर वर्षांहून जुनी वस्तू घरात ठेवता येते, खासगीरीत्या परदेशी नेता येत नाही. मात्र कायद्याआधीच बाहेर गेलेल्या वस्तूंपुढे तो हतबल ठरतो. २०२५मध्ये नागपूरकर रघुजी भोसल्यांची तलवार लंडनच्या लिलावात निघाली, तेव्हा राज्य सरकारनं ४७.१५ लाख रुपये मोजून ती आणली. आपलीच वस्तू, विकत! म्हणून म्हणते, वाड्यातल्या जुन्या वस्तूंचे फोटो काढा, वर्णन लिहून ठेवा. उद्या चोरीला गेली, तर ती आपलीच होती, याचा पुरावा लागतो.