चार विसा आणि सात म्हणजे किती?



अमेरिकेचे अध्यक्ष अब्राहम लिंकन यांनी १९ नोव्हेंबर १८६३ रोजी गेटिसबर्ग येथे भाषण केले. त्याच्या पहिल्याच वाक्यात वर्षांचा आकडा विसांनी मोजला होता : चार विसा आणि सात. चार विसा म्हणजे ८०, वर सात, झाले ८७. १८६३ मधून तेवढे वजा करा, १७७६ येते. ते त्यांच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचे साल.

ही मोजणी आपल्याला परकी नाही. आपली जुनी माणसेही ७० ला 'तीन विसा नि दहा' म्हणत. मेंढरांची खंडी वीस नगांची, धान्याची खंडी वीस मणांची.

मेख इथेच आहे. वीस कुठेही वीसच, पण मण गावोगाव निराळा. इंग्रजी अमदानीतला सरकारी मण ४० शेरांचा, सुमारे ३७.३ किलोचा होता. इतरत्र तो कमी-जास्त असे. म्हणून वाटणीच्या जुन्या कागदात 'खंडी' दिसली, तर आधी विचारावे, कशाची आणि कुठल्या मणाची?

१९५६ च्या कायद्याने मेट्रिक मापे आली. उसाचा टन आता सगळीकडे १,००० किलोचाच. तेव्हा काट्याची पावती वाचून घ्या आणि जपून ठेवा, एवढेच आमचे सांगणे.