चाकाचा पैसा कुठे लावावा?

माउंटन बाइकची फ्रेम सहज दहा वर्षं निघते. मागचं चाक मात्र त्याच्या कितीतरी आधी कुरकुरायला लागतं. महिन्या-दोन महिन्यांनी एखादा स्पोक तुटतो, आउट काढून आणलं तरी पंधरा दिवसांत चाक पुन्हा डुलायला लागतं, आणि एखाद्या उतारावर दगडावर आपटून रिमला पोचा पडतो. मग दोन सल्ले हमखास मिळतात. सायकलच बदला, नाहीतर चांगल्या कंपनीची हलकी चाकं घ्या. ज्याचं बजेट बेताचं आहे त्याला हे दोन्ही सल्ले परवडत नाहीत, आणि बहुतेक वेळा त्यांची गरजही नसते. बेताच्या पैशात टिकाऊ चाक मिळतं. त्यासाठी पैसे वजन कमी करण्यात न घालवता दुरुस्त होईल असं हब, दुहेरी भिंतीची साधी रिम आणि स्पोक नीट ताणून देणारा मिस्त्री यांच्यावर लावावे लागतात. यातल्या मिस्त्रीचं महत्त्व सर्वांत मोठं, आणि त्याच्याच मजुरीत आपण सर्वांत जास्त काटकसर करतो.

स्पोक तुटतो तेव्हा तो बहुधा हबच्या कडेला, जिथे त्याला कोपर असतो तिथे तुटतो. दोष त्या एका खड्ड्याला दिला जातो, पण खरं कारण धातूचा थकवा आहे. जॉब्स्ट ब्रँट या अभियंत्याने १९८१ साली ‘द बायसिकल व्हील’ या पुस्तकात हे सविस्तर मांडलं. स्वाराचं वजन चाकावर आलं की जमिनीलगतचे स्पोक क्षणभर सैल होतात आणि चाक पुढे सरकलं की पुन्हा ताणले जातात. २६ इंची चाक एका किलोमीटरला सुमारे ४८० फेरे घेतं. म्हणजे वीस किलोमीटरच्या एका फेरफटक्यात प्रत्येक स्पोक साडेनऊ हजारांहून अधिक वेळा सैल-ताठ होतो. ताण पुरेसा आणि सगळीकडे सारखा असेल तर हा चढउतार स्पोक वर्षानुवर्षं सोसतो. काही ढिले, काही अतिताठ असतील तर ढिले स्पोक कोपराशी सतत हलत राहतात आणि तुटतात. मागच्या चाकात यात आणखी एक अडचण असते. उजवीकडे गिअरच्या चकत्यांना जागा द्यावी लागते, म्हणून त्या बाजूचे स्पोक उभट आणि फार ताठ असतात, तर डावीकडचे त्या मानाने सैल. त्यातच स्वाराचं जास्त वजन आणि चेनची सगळी ओढ याच चाकावर येते. स्वस्तात घाऊक तयार होणारी चाकं दिसायला सरळ असतात, पण त्यांचा ताण अनेकदा कमी आणि विषम असतो, कारण तो सारखा करायला वेळ लागतो आणि वेळेला पैसे पडतात. हे तपासायला यंत्र लागत नाही. चाक हातात घेऊन एकेक स्पोक बोटाने छेडत जावं. एका बाजूच्या सगळ्या स्पोकचा आवाज साधारण एकाच पट्टीत यायला हवा. मध्येच एखादा भद्द वाजला, तर पुढे तुटणारा स्पोक बहुधा तोच.

यावर पहिला आक्षेप वजनाचा असतो. फिरत्या भागातला एक ग्रॅम हा फ्रेममधल्या दोन ग्रॅमांइतका जड, हे वाक्य सायकलवाल्यांच्या प्रत्येक गप्पांत ऐकू येतं. वेग वाढवताना ते खरं आहे: रिमला पुढेही जायचं असतं आणि गरगरायचंही असतं, त्यामुळे तिला जवळपास दुप्पट ऊर्जा लागते. पण हिशेब पुरा करायला हवा. सत्तर किलोचा स्वार आणि चौदा किलोची सायकल मिळून ८४ किलो झाले. दोन्ही रिम मिळून ४०० ग्रॅम वाचवले, तर वेग घेताना फरक पडतो एक टक्क्याहूनही कमी, आणि घाटात एका लयीत चढताना फक्त अर्धा टक्का, कारण चढावर मोजलं जातं ते केवळ वजन. शर्यतीत उतरणाऱ्याला हा अर्धा टक्का मोलाचा आहे. रविवारी डोंगरवाटांवर जाणाऱ्याने त्यासाठी कमी स्पोकचं, पातळ रिमचं चाक घेणं म्हणजे टिकाऊपणा विकून काहीच न मिळवणं. त्याने ३२ स्पोक घ्यावेत. वजन नव्वदच्या पुढे असेल आणि तसं हब मिळत असेल, तर मागे ३६.

हबच्या बाबतीत मात्र दोन पैसे जास्त टाकावेत. आपल्याकडच्या २१ गिअरच्या बऱ्याच सायकलींना आट्यांवर बसणारं फ्रीव्हील असतं. त्यात उजवीकडचं बेअरिंग फार आत राहतं, एक्सलचं टोक आधाराविना पुढे येतं, आणि डोंगरात ते वाकतं किंवा मोडतं. कॅसेट बसणाऱ्या फ्रीहबने हा दोष घालवला. शिमानोने १९७८ मध्ये आणलेल्या या रचनेत उजवं बेअरिंग फ्रेमच्या जवळ सरकलं. फ्रीव्हीलचं चाक गेलं असेल, तर तसंच दुसरं घेण्याऐवजी याच वेळी फ्रीहबवर यावं. सात गिअरची कॅसेट आणि तिच्यामागे साडेचार मिलिमीटरचा स्पेसर घातला की जुना शिफ्टर तसाच चालतो. छर्रे आणि कोन असलेलं हब की सील्ड बेअरिंग, हा वाद मला गौण वाटतो. पहिलं पाना आणि ग्रीस असलं की घरी उघडता येतं. दुसऱ्यातल्या बेअरिंगवर ६००१ किंवा ६९०२ असा नंबर असतो आणि तो सांगितला की साध्या बेअरिंगच्या दुकानातही जोड मिळतो. पावसाळाभर चिखलात चालवणाऱ्याने पाहायचं ते एवढंच की हब उघडतं का. ज्याचे सुटे भाग मिळत नाहीत ते हब कितीही गुळगुळीत फिरो, ते घेऊ नये. कोकणात आणि गोव्यात खाऱ्या हवेत स्पोक लवकर गंजतात, तिथे स्टेनलेस स्पोकला पर्याय नाही.

रिमबद्दल फार सांगण्यासारखं नाही. दुहेरी भिंतीची, ॲल्युमिनियमची, आतून २१ ते २५ मिलिमीटर रुंद रिम दोन-सव्वादोन इंची टायरला पुरेशी होते. रिमवर दाबणारे ब्रेक असतील तर डिस्कसाठीची रिम चालत नाही, तिला ब्रेकचा पट्टाच नसतो. आणि लोखंडी क्रोमची रिम पावसात भयंकर घसरते, ती नकोच.

दुसरा आक्षेप असा की २६ इंची चाकांचा जमाना गेला, आता २९ घ्यावं. नव्या सायकलींपुरतं ते बरोबर आहे. पण २६ इंची रिमवर टायर बसण्याचा व्यास ५५९ मिलिमीटर, साडेसत्तावीसचा ५८४ आणि २९ चा ६२२. जुन्या फ्रेममध्ये २९ मावत नाही. साडेसत्तावीस कधी कधी कसंबसं बसतं, पण टायर आणि फ्रेम यांच्यात बोटभरही जागा उरत नाही आणि लाल चिखलात चाक अडकतं; रिम ब्रेक तर जुळतच नाहीत. तेव्हा जुन्या टायरवरचा आकडा वाचून तोच व्यास घ्यावा. तसंच फ्रेमच्या मागच्या दोन टोकांमधलं अंतर मोजावं. साध्या क्विक रिलीजला ते १३५ मिलिमीटर असतं, नव्या थ्रू एक्सलला १४२ किंवा १४८, आणि यातलं एक दुसऱ्यात सहजी बसत नाही. डिस्क सहा बोल्टची आहे की सेंटर लॉकची, हेही आधीच पाहावं. स्वस्तात मिळालेलं उत्तम चाक घरी आणल्यावर बसलंच नाही, तर ते महागच पडतं.

तिसरा आक्षेप खरा आहे: हब, रिम, स्पोक सुटे घेऊन विणून घेण्यापेक्षा तयार चाक अनेकदा स्वस्त पडतं, कारण कारखाना घाऊक माल घेतो. मग तयार चाक जरूर घ्यावं, पण थेट डोंगरात नेऊ नये. आधी मिस्त्रीकडून सगळ्या स्पोकचा ताण सारखा करून घ्यावा, समांतर स्पोकच्या जोड्या हाताने आवळून त्यांना बसतं करून घ्यावं, आणि थोडं चालवल्यावर पुन्हा एकदा तपासावं. जुनं हब धडधाकट असेल आणि फक्त रिम गेली असेल, तर त्याहून स्वस्त मार्ग आहे. त्याच मापाची नवी रिम जुन्या रिमशेजारी चिकटपट्टीने बांधून स्पोक एकेक करून तिच्यात सरकवता येतात. न गंजलेले, इतके दिवस टिकलेले स्पोक फेकायचं कारण नाही. ही दोन्ही कामं नीट व्हायला वेळ लागतो. तेव्हा दुकानदाराकडे रिम, हब, स्पोक आणि मजुरी यांचा हिशेब वेगवेगळा मागा, आणि घासाघीस करायचीच तर पहिल्या तीन आकड्यांत करा. मजुरी मात्र मागेल ती द्या.